तेराव्यानंतर रडायचं नाही म्हणे!

‘मृतात्म्याच्या शांतीसाठी घरच्यांनी पाळायचे नियम’ हा मेसेज सोलापूरच्या कितीतरी ग्रुपांवर फिरतोय. कुणीतरी तो जुळे सोलापुरातल्या माझ्या मावशीलाही पाठवला. तिचा मुलगा पुणे रस्त्यावर अपघातात गेला, त्याला जेमतेम दोन महिने झालेत. आता ती तोंडात पदर कोंबून रडते. ‘माझ्या रडण्यानं त्याला गती मिळायची नाही,’ म्हणते. म्हणून लिहितोय.

‘तेराव्यानंतर रडलं की आत्मा अडकतो.’ अहो, तेरावा घालणारी घरंच वर्षश्राद्धापर्यंत सणवार करत नाहीत ना? मग तेरा दिवसांची मुदत कुणी घातली? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही दीर्घ शोकाला विकार म्हणायला किमान ६ महिने जावे लागतात.

‘लहान मुलांना बाबा गावाला गेलेत असं सांगा.’ हे वाचून माझं डोकंच फिरलं. मावशीचा नातू दुसरीत आहे. त्याला खरं कळलं ते शाळेतल्या पोरांकडून! मरण म्हणजे कधीच परत न येणं, हे लहानांना नीट उमगत नसतं. ‘झोपलेत’ म्हटलं की ती झोपायला घाबरतात, ‘गावाला गेलेत’ म्हटलं की वाट बघत बसतात. आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले, असंही काहींच्या मनात बसतं. साधं सांगा: बाबांना अपघात झाला, ते वारले, परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही. त्यानं दहादा विचारलं तर दहादा सांगा.

‘रात्री झोपेची अर्धी गोळी द्या.’ कुणाच्या सांगण्यावरून? मानसिक आजार नसलेल्या शोकग्रस्तांना, मोठ्यांना किंवा मुलांना, डायझेपामच्या जातीच्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. डॉक्टरांनी आधीपासून चालू केलेली गोळी मात्र मनानं बंद करू नका.

‘गेलेल्याचा फोटो उतरवा.’ उतरवायचा की ठेवायचा, ते मावशी ठरवेल.

‘दुःखी माणसाला एकटं सोडू नका, वेळेवर जेवायला घाला’ एवढं मात्र बरोबर आहे, नाइलाजानं का होईना, मान्य. पण तेराव्याला पंगत उठली की घर रिकामं होतं. जायचंच तर त्यानंतर जा, नि गेलेल्याचं नाव घेऊन बोला.

अपघात सारखा डोळ्यांपुढं येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर सहा महिने थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फॉरवर्डच करायचं तर हा नंबर करा.