त्रास नाही म्हणून तपासणी नको?

बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. अंगावर पांढरं जात नसेल, मध्येच रक्त दिसत नसेल, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी नको. चांगल्या घरातल्या बाईला तो होत नाही. तपासायला गेलं की डॉक्टर पिशवीच काढतात. आणि बायका अडाणी, सांगूनही येत नाहीत.

रक्त दिसेपर्यंत थांबणं सगळ्यात घातक. पेशी बिघडू लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा वर्षं किंवा जास्तही जातात आणि तेवढ्या काळात बाईला काहीच जाणवत नाही. तपासणी असते ती याच काळासाठी.

‘चांगलं घर’ वाचून मला संताप आला. हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेक जणींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातोही. आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही हा विषाणू नवऱ्याकडून येऊ शकतो. असलं बोलणं कानावर पडलं की बाई तपासणीचं नावही घेत नाही.

पिशवीची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आपण सगळ्यांनीच वाचल्या. पण या तपासणीत गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात आणि मिनिटभराने पाहतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. कॅन्सरच्या आधीचा बिघाड असेल तर बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करतात. पिशवी जागच्या जागी राहते.

आता शेवटचा आरोप. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांनी ही तपासणी कधीतरी केलेली होती. एवढा आकडा पाहून बायकांना दोष देणं सोपं आहे. पण टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तपासणी वस्तीतच नेली. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, महिनाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के बायका आल्या! उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या गावांतही एचपीव्ही चाचणीला सुमारे ८० टक्के जणी आल्या. याच बायकांना एरवी मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला जाऊन, कदाचित पुरुष डॉक्टरसमोर टेबलावर झोपावं लागलं असतं. मुंबईत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले आणि उस्मानाबादेत एकाच चाचणीने जवळजवळ निम्म्यावर आले.