सात मात्रांची टेकडी

इंग्लिश रॉक गायक पीटर गॅब्रिएलचं ‘सॉल्सबरी हिल’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मांडीवर ताल धरायला गेलो आणि हात चुकला. चारावर सम येईना. पुन्हा पहिल्यापासून लावलं, बोटांवर मोजलं, तर मात्रा सात! विभागणी आपल्या सात मात्रांच्या रूपक तालासारखीच आहे असं नाही, पण आवर्तन सातचंच. खालचा ठेका इतका सरळ चालतो की गाणं कुठेही अडखळत नाही. कडव्याच्या शेवटी क्षणभर चारात येतं आणि परत सातात निघतं. इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या टेकडीवर उभ्या असलेल्या, सगळं सोडायचं ठरवलेल्या माणसाचं हे गाणं. १९७७ साली एकल गायक म्हणून त्याची ओळख झाली ती याच गाण्याने.

सोडलं काय होतं? ‘जेनेसिस’. चार्टरहाऊस शाळेतल्या मित्रांनी उभा केलेला बँड. त्याचा हा गायक डोक्यावर कोल्ह्याचं मुंडकं आणि अंगात बायकोचा लाल ड्रेस घालून रंगमंचावर यायचा, आणि लोक त्याला बघायलाच गर्दी करायचे. १९७५ मध्ये, नाव ऐन जोरात असताना, त्याने बँड सोडला. आदल्या वर्षी मुलगी झाली होती, जन्मतःच तिची प्रकृती नाजूक होती, आणि दौरे, रेकॉर्डिंग काही थांबत नव्हतं. गाण्यांसाठी आपण बांधलेली गाडी आता आपलीच मालक होऊन बसली, अशा अर्थाचं त्याने तेव्हा जाहीर पत्रात लिहिलं होतं.

‘बँड सोडला म्हणजे डोक्यात हवा गेली’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय. मला ते अजिबात पटत नाही. तो गेला म्हणून मागे बसलेला ड्रमर फिल कॉलिन्स पुढे आला, गायला लागला, आणि त्याच्या आवाजातला पहिलाच अल्बम आधीच्यांपेक्षा जास्त खपला. गॅब्रिएलनेही मुखवटे उतरवले. पहिल्या चारही अल्बमना फक्त स्वतःचं नाव दिलं, दुसरं शीर्षकच नाही.

त्यातला १९८० चा तिसरा अल्बम हेडफोन लावून ऐका. ड्रम वाजवणाऱ्यांना त्याने बजावलं होतं की झांजा वाजवायच्या नाहीत, एकही नाही. त्यातला एक ड्रमर खुद्द कॉलिन्स. झांजांचा झणत्कार काढून घेतल्यावर उरलेल्या जागेत ड्रमचा ठोका पडतो, खोलीभर घुमतो आणि दार आपटल्यासारखा एकदम तुटतो. पुढे अख्ख्या ऐंशीच्या दशकाने तो आवाज उचलला. याच अल्बमच्या शेवटी, दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांच्या ताब्यात १९७७ साली मरण पावलेल्या, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिको यांच्यावरचं गाणं आहे. ते मी कधीच दुसरं काम करता करता ऐकू शकलेलो नाही.

१९८६ चा ‘सो’ हा अल्बम आणि त्यातला ‘स्लेजहॅमर’चा व्हिडिओ सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी वेगळं काय सांगू! त्याचं मोठं काम मला वाटतं ते जगभरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी मंच उभा करण्याचं. नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा आवाज पाश्चात्त्य देशांत घरोघरी पोचला त्यात त्याच्या ‘रिअल वर्ल्ड’ या रेकॉर्ड कंपनीचा वाटा फार मोठा आहे.

या वेडापायी तो बुडालाही होता. १९८२ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेटला ‘वोमॅड’ या जगभरच्या संगीताच्या उपक्रमाचा पहिला महोत्सव झाला. संगीत उत्तम, हिशेब भयंकर. कर्ज डोंगराएवढं झालं, देणेकऱ्यांचे फोन सुरू झाले, जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. तेव्हा धावून आले ते सोडून दिलेले मित्रच. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मिल्टन कीन्सच्या उघड्या मैदानात, भर पावसात, जेनेसिसने त्याच्यासाठी एक कार्यक्रम केला आणि देणं फिटलं. गॅब्रिएलला शवपेटीतून रंगमंचावर आणलं, पेटी उघडली आणि तो गायला लागला. सहा-सात वर्षं त्या बँडचा मुख्य गायक असलेला कॉलिन्स त्या रात्री माईक त्याच्याकडे सोपवून पुन्हा मागे, आपल्या जुन्या जागी, ड्रमवर जाऊन बसला होता.