पेशी थांबते म्हणजे काय करते? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. माझा लेख पेशीविभाजनावर होता, त्यावर तुमच्या तक्रारी तीन. कांद्याच्या गुणसूत्रांचा आकडा मी चुकवला. तर्कुतंतू (गुणसूत्रांना पेशीच्या दोन टोकांकडे, म्हणजे ध्रुवांकडे, नेणारे धागे) आखडतात आणि गुणसूत्रं ओढली जातात, एवढी सरळ गोष्ट उगाच अवघड केली. आणि ‘पेशी ताण तपासते, तोवर थांबते’ असं लिहून पेशीला माणूस करून टाकलं. वर, ‘तीस वर्षं स्लाइड दाखवल्या, थांबलेली पेशी एकदाही दिसली नाही.’

आकड्याचं कबूल. कांद्याची 16च. 18 कोबीची, भाजीवाल्याकडे झाला असावा तसा माझा गोंधळ झाला.

‘आखडतात’ मात्र मी मुद्दाम टाळलं. त्या शब्दाने स्नायू डोळ्यांसमोर येतो. तंतू ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या कणांचा रचलेला असतो आणि त्याचे कण टोकाशी सुटत जातात, म्हणून तो तोकडा होतो. गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्रावर तंतू जोडला जातो ती जागा, त्या विरघळत्या टोकाला धरून राहतो आणि ध्रुवाकडे सरकतो.

आता थांबण्याचं. सर, स्लाइडवर ते दिसणारच नाही. कांद्याच्या मुळाची टोकं कापून रसायनात फिक्स केली तिथेच पेशी मेली. मग आम्लात ऊब द्या, रंग द्या, टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबा (आणि कव्हरस्लिप सरकली की पुन्हा पहिल्यापासून). समोर येते ती गर्दीतल्या एका क्षणाची तसबीर. मध्यावस्थेतली (गुणसूत्रं मधोमध रांगेत लागलेली) पेशी नुकतीच तिथे पोचली की तासभर ताटकळली, हे तसबिरीवरून कसं कळावं?

ते जिवंत पेशीत बघावं लागतं. 1995 साली ली आणि निकलस या दोघांनी प्रार्थना कीटकाच्या, म्हणजे खंडोबाच्या किड्याच्या, नराच्या शुक्रपेशी तयार होताना पाहिल्या. त्यात कधीकधी एका एक्स गुणसूत्राला जोडीदार मिळत नाही, ते एकाच ध्रुवाला बांधलेलं राहतं. विरुद्ध बाजूने ओढ नाही, आणि पेशी तिथेच अडते. त्यांनी काचेची अतिबारीक सुई आत घालून ते गुणसूत्र उलट्या दिशेला ओढून धरलं. बस, एवढंच. जोडीदार अजून नव्हताच, पण ताण आला आणि पेशी पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं ध्रुवांकडे निघतात त्या टप्प्यात, गेली!

पेशी ‘तपासते’ या शब्दावर तुमचा राग आहे, तर यंत्रणाच सांगते. तंतू नीट न लागलेला गुणसूत्रबिंदू ‘थांबा’ असा रासायनिक संदेश सोडत राहतो. शिवाय तिथेच एक विकर (एन्झाइम) बसलेलं असतं, ऑरोरा बी, ते ढिले जोड सोडवत राहतं. दोन्हीकडून रस्सीखेच सुरू झाली की जोडाची जागा ताणून त्या विकराच्या टप्प्याबाहेर जाते आणि जोड टिकतो, अशी याची सर्वसाधारण मांडणी आहे. शेवटचा ‘थांबा’ बंद झाला की सेपरेज हे दुसरं विकर दोन अर्धगुणसूत्रांना (एकाच गुणसूत्राच्या जुळ्या प्रतींना) बांधणारी कोहेसिन या प्रथिनाची कडी तोडतं. तंतूंची ओढ आधीपासून चालूच असते. अडवणूक उठली की दोन्ही अर्धी निघतात.

माणूसपणा यात कुठेच नाही. तरी ‘तपासते’ हा शब्द मी ठेवणार आहे. ‘कुलूप उघडते’ असं लिहिलं तर उद्या कोणीतरी किल्ली विचारेल. आणि मूळ लेखात 18 चे 16 केलेत, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही टाकलाय.