एकोणीसावं अक्षर

लेझर प्रिंटर घ्यायचा निर्णय माझा. आधीचा शाईचा प्रिंटर आम्ही वर्षातून चार-पाच वेळा वापरायचो, आणि दर वेळी त्याची शाई वाळलेली असायची. मग तो घसा खाकरत, नाक शिंकरत स्वतःची साफसफाई करायचा आणि त्यातच उरलेली शाई संपवून मोकळा व्हायचा. लेझर प्रिंटरमध्ये वाळायला काही नसतंच. टोनर मुळातच कोरडी पूड. वर्षभर हात लावला नाही तरी बिचारी तशीच पडून राहते.

खोका उघडताना मी घरच्यांना एक छोटंसं व्याख्यानही दिलं. आत एक ड्रम असतो, त्याच्यावर विद्युतभार चढवतात, लेझरचा किरण त्याच्यावर अक्षरं काढतो, किरण पडला तिथं पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि सुमारे २०० अंश सेल्सियस तापलेल्या रोलरखाली वितळून कायमची बसते. ताजं पान हाताला गरम लागतं ते त्यामुळं. मग १९३८ सालापर्यंत मागे गेलो. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं त्या वर्षी २२ ऑक्टोबरला कोरडी पूड वापरून पहिली नक्कल काढली. नक्कल कशाची, तर त्या दिवसाची तारीख आणि ‘ॲस्टोरिया’ हे जागेचं नाव. पुढे झेरॉक्स कंपनीतले अभियंते गॅरी स्टार्कवेदर यांच्या डोक्यात या नकला काढणाऱ्या यंत्रात लेझर घालायची कल्पना आली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना हा नाद सोडायला सांगितलं. त्यांनी सोडला नाही. १९७१ मध्ये ते कंपनीच्याच पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात गेले आणि तिथं त्यांनी यंत्र चालवून दाखवलं.

आई म्हणाली, “म्हणजे आता हा छापेल?”

“हो. फक्त वायफायला जोडला की झालं.”

हा ‘फक्त’ मी संध्याकाळी साडेसहाला उच्चारला.

छापायचं होतं ते मुलीच्या शाळेच्या सहलीचं संमतीपत्र. चार पानं. पहिल्या पानावर सहलीची माहिती, बाकीच्या तीन पानांवर कशाकशाला शाळा जबाबदार नाही त्याची यादी. सही करून सकाळी द्यायचं होतं. जुन्या प्रिंटरच्या वेळचे कोरे कागद कपाटात सापडले, बरोबर ५०. ते ट्रेमध्ये लावले.

माहितीपुस्तिकेत सगळ्यात सोपा उपाय पहिला दिलेला होता. राऊटरवरचं एक बटण दाबा, प्रिंटरवरचं एक बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत दोघं एकमेकांना ओळखतील. पासवर्डची गरजच नाही. आमचा राऊटर हॉलमधल्या कपाटाच्या डोक्यावर आणि प्रिंटर आतल्या खोलीत. मी स्टुलावर चढून बटण दाबलं, उतरलो, पळालो, प्रिंटरचं बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकायला लागला. दोन मिनिटं आम्ही सगळे त्याच्याकडे असे बघत होतो, जसं ऑपरेशन थिएटरच्या दारावरच्या दिव्याकडे बघतात. दिवा विझला. प्रिंटरनं एक पान बाहेर टाकलं. गुळगुळीत, काळंभोर, रेखीव अक्षरांत छापलेला नेटवर्क अहवाल: जोडणी नाही.

हा मला त्या यंत्राचा सगळ्यात संतापजनक गुण वाटतो. आपण नापास झालो, हे तो किती सुवाच्य अक्षरात लिहून आणतो!

दुसऱ्या खेपेला बायकोला राऊटरपाशी उभं केलं. ती “दाबलं!” म्हणून ओरडली की मी दाबायचं. चौथ्या “दाबलं!”ला तिच्या आवाजातला उद्गार गेला होता. तोवर अहवाल तीन झाले होते आणि तिन्हींचं म्हणणं एकच होतं.

आई सोफ्यावरून म्हणाली, “तारेनं का नाही जोडत?”

“तार खोक्यात दिलेली नाही.”

“मग हा बिनतारी म्हणजे तार न दिलेला का?”

यावर मी काही बोललो नाही.

मग दुसरा मार्ग, प्रिंटरवरूनच नेटवर्क निवडायचं. त्याला दोन ओळींचा एक चिमुकला पडदा, दोन बाण आणि ‘ओके’चं बटण. बाण दाबत गेलो तसतशी शेजारपाजारची नेटवर्कं दिसायला लागली. वरच्या मजल्यावरचं दिसलं, समोरचं दिसलं, ‘पासवर्ड विचारू नये’ या नावाचंही एक दिसलं. आमचं तेवढं दिसेना. ज्या घरात तो बसला होता त्या घराचं सोडून सगळं जग त्याला दिसत होतं.

आता थोडं मागे जायला हवं. दोन वर्षांपूर्वी सायबर सुरक्षेवरचं एक भाषण ऐकून आल्यावर मी रात्रभर जागून राऊटरला तटबंदी केली होती. वेगासाठी म्हणून घरचं नेटवर्क फक्त ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर ठेवलं. २.४ गिगाहर्ट्झ तुलनेनं संथ, पण भिंतींना कमी घाबरणारं. ते पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कला देऊन टाकलं. आणि अनेक घरगुती प्रिंटरांसारखा आमच्या प्रिंटरलाही फक्त २.४ ऐकू येत होतं. हे मला पुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर, तळटीप होण्याइतक्याच मोठ्या अक्षरात सापडलं.

चला, पाहुण्यांचं तर पाहुण्यांचं. ते नाव निवडलं. पडद्यावर आलं: पासवर्ड?

तो पासवर्डही त्याच जागरणातला. लांब असावा पण लक्षात राहावा, म्हणून मी म्हण घेतली होती. ‘नाचता येईना, अंगण’ एवढी रोमन लिपीत, पहिला एन मोठा, अंगणातला पहिला ए काढून तिथं ॲट-द-रेट, आणि शेवटी दोन आकडे. तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. चोर आलाच तर त्याला आधी मराठी शिकावं लागेल, असं मी चारचौघांत सांगितलंही होतं.

प्रिंटरवर अक्षर निवडायची पद्धत अशी की खालचा बाण एकदा दाबला की ए, दोनदा दाबला की बी. छोटी २६ संपली की मोठी २६, मग शून्यापासून नऊपर्यंत आकडे, मग चिन्हं. प्रत्येक अक्षरानंतर गाडी पुन्हा मूळ स्थानकावर. मोठा एन म्हणजे ४० दाब. ३८ पर्यंत माणूस सावध असतो, ३९ला हात बसलेला असतो आणि त्या भरात ४१ होतात. मग ओ येतो. वरचा बाण दाबून मागे यावं तर बोट जरा रेंगाळलं की गाडी थेट मोठ्या जीपाशी. एक अक्षर खोडायचं बटण कुठलं, हे शोधताना मला सगळीच अक्षरं खोडायचं बटण सापडलं. आणि मंजूर झालेलं अक्षर लगेच तारका होऊन बसतं. माझ्या मागून कोणी चोरून बघत असेल तर? बघत होती ती आई, आणि तिला झोप येत होती.

पाऊण तासानं शेवटचा आकडा भरला. ओके. पडद्यावर फिरती रेघ. चुकीचा पासवर्ड.

दुसऱ्या वेळेला मुलगी मोजायला बसली. मी दाबायचो, ती म्हणायची, “अडतीस... एकोणचाळीस... थांब! बाबा, थांब म्हटलं ना!” दुसऱ्यांदाही चुकीचा.

तेव्हा बायकोनं तो प्रश्न विचारला. “‘नाचता’ कसं लिहिलंयस?”

आता ‘नाचता’ रोमनमध्ये कसं लिहितात याला शास्त्र नाही. च नंतर ए घालणारे लोक आहेत, न घालणारे आहेत, आणि मी दोन वर्षांपूर्वी कोणत्या पंथात होतो ते मला आठवेना. घरातल्या सगळ्या फोनना पासवर्ड पाठ होता. माणसांपैकी कोणालाच नव्हता. मी १८ अक्षरं भरत होतो. मुलीनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “तू तेव्हा सगळ्यांना सांगायचास ना, एकोणीस अक्षरी म्हणून?”

खरंच सांगायचो. बढाई कधी वाया जात नाही. चनंतर ए घातला. तिसऱ्या वेळेला, सव्वानऊला, निळा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रिंटरनं चौथा अहवाल काढला: जोडणी आहे, आणि खाली टिंबांनी तोडलेला चार भागांचा पत्ता.

तो पत्ता मी लॅपटॉपमध्ये हातानं भरला. प्रिंटरचं चित्र आलं. फिकं. खाली लिहिलेलं, ऑफलाइन. म्हटलं, असं दिसतं, छापायला सांगितल्यावर जागा होईल. संमतीपत्र पाठवलं. काही नाही. परत पाठवलं. प्रिंटर बंद-चालू करून पाठवलं, लॅपटॉप बंद-चालू करून पाठवलं, दोघांनाही बंद करून, थोडं थांबून, नव्या मनानं पाठवलं. असं ११ वेळा. मधल्या काळात पाचवा आणि सहावा अहवाल मात्र बिनतक्रार आले.

मुलगी म्हणाली, “माझ्या फोनला दिसतोय तो.” प्रिंटर स्वतःचंही एक छोटं नेटवर्क सोडतो, त्याला तिनं फोन जोडला होता. उत्तम! पण त्या नेटवर्कवर असलं की इंटरनेट नाही, म्हणजे संमतीपत्र उघडत नाही. घरच्या नेटवर्कवर आलं की संमतीपत्र उघडतं, पण प्रिंटर दिसत नाही. आधी उतरवून घेऊन मग जोडता आलं असतं हे मला आज, लिहिताना सुचतंय. त्या वेळी आम्ही दोघं फोनला या घरातून त्या घरात पोचवत बसलो होतो.

१९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या एका लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचे. तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याची आज्ञावली सुधारायची होती, पण ती मागूनही मिळाली नाही. त्या रागाला पुढे जे फळ आलं त्यात १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेला ग्नू प्रकल्प होता, कोणालाही उघडून बघता, बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ होती. माझ्या रागाला काय फळ आलं, तर मी राऊटरची सेटिंग्ज उघडली.

तिथं सगळा उलगडा झाला. पाहुण्यांच्या नेटवर्कवरच्या यंत्रांना घरातल्या यंत्रांशी बोलायची बंदी होती. पाहुणे इंटरनेटवर जगभर फिरोत, पण आमच्या लॅपटॉपकडे त्यांनी बघायचं नाही. तशी खूण कोणी केलेली? मी. आणि ते दोन मिनिटांचं बटण? तेही मीच बंद करून ठेवलं होतं, कारण त्या पद्धतीतल्या आकडी पिनमध्ये २०११ साली एक मोठी फट सापडल्याचं माझ्या वाचनात आलं होतं. बायको तासभर एका मेलेल्या बटणाला “दाबलं” म्हणत होती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग म्हटलं, आता नव्यानं. घरचं नेटवर्क २.४ वरही चालू केलं. नाव नवं, पासवर्ड नवा, आणि या वेळी पासवर्ड चोराचा नाही, माझ्या अंगठ्याचा विचार करून. आयुष्यात प्रथमच मी अक्षरांचा भाव काढला. ए एका दाबात, के अकरा दाबांत. कमीत कमी आठ अक्षरं लागतात. म्हणीचा उरलेला शब्द होताच: वाकडं. सहा अक्षरं आणि दोन आकडे. डब्ल्यूला २३ दाब पडतात, व्हीला २२. मी व्ही घेतला.

‘जतन करा’ दाबलं. राऊटर क्षणभर काळा झाला, आणि घराच्या चारही कोपऱ्यांतून आवाज उठले. आईची मालिका ऐन थोबाडीत थांबली. बायकोची परदेशातल्या सहकाऱ्यांशी मीटिंग चालू होती; ती “हॅलो, हॅलो” करत बाहेर आली. टीव्ही गेला, मुलीचा फोन गेला, माझा लॅपटॉपही गेला. मी निमूटपणे आत जाऊन ती आठ अक्षरं प्रिंटरमध्ये भरली. पहिल्या फटक्यात निळा दिवा स्थिर. घरातल्या नेटवर्कवर त्या घडीला एकटाच प्रिंटर होता. ऐटीत. त्याला काम सांगायला कोणी उरलं नव्हतं.

“पासवर्ड काय?” तीन तोंडांतून एकदम आलं. मी लॅपटॉप तेवढा जोडला, प्रिंटरच्या पडद्यावरचा नवा पत्ता जुन्याच्या जागी भरला आणि म्हटलं, थांबा, एकेकाला सांगत बसत नाही. पानभर मोठ्या अक्षरात नवा पासवर्ड टाइप केला. छापून दारावर लावू. प्रिंटरचं पहिलं काम! छापा.

आतून गुरगुर आली. मग सरसर. पहिलं पान आलं: सहलीची माहिती. मग जबाबदारी नाकारणारी तीन. मग पुन्हा सहलीची माहिती. लॅपटॉपनं माझे अकराच्या अकरा हुकूम जपून ठेवले होते आणि तो ते आलेल्या क्रमानं पार पाडत होता. रद्द करायचं बटण मला माहीत होतं; पण त्या बटणांवरचा माझा विश्वास उडाला होता. आम्ही नुसते बघत राहिलो. पानं गरम होती. आईनं एक हातात घेऊन म्हटलं, “छाप मात्र छान आहे हो.”

अकरा चोक चव्वेचाळीस, आणि आधीचे सहा अहवाल. पन्नासावं पान पडलं आणि यंत्र थांबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. ट्रे रिकामा. कागद भरा.

रात्रीचे अकरा वाजले होते. मुलीनं संमतीपत्राची सातवी प्रत उचलली, शेवटचं पान सुटं करून पालथं टेबलावर ठेवलं, आणि स्केचपेनचं टोपण दातांनी काढत माझ्याकडे बघितलं.

“बाबा, वाकडं व्हीनं की डब्ल्यूनं?”