काकू, ही चूक मला हवीच होती!

१९९३ साली मी पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला तेव्हा चपला बाहेर काढाव्या लागल्या होत्या. ठाण्यातच, एका क्लासमध्ये. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे, प्रत्येक मशीनवर प्लास्टिकचं कव्हर. सरांचं पहिलं वाक्य, 'विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.' सोवळ्यात देवघरात जावं तसं आम्ही जायचो, फॉक्सप्रो नावाच्या तेव्हाच्या प्रोग्रॅमच्या कमांड वहीत उतरवून घ्यायचो आणि घरी यायचो. सर्टिफिकेट अजून कपाटात आहे. शिकले काय, तर घाबरायला.

पुढची सगळी वर्षं वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सला गेली. महिनाअखेरीला बँक स्टेटमेंट आणि आमचं रजिस्टर ताडून बघताना डोळ्यांचं पाणी व्हायचं. भाचा म्हणाला, मावशी, हे काम पायथनला सांग, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा. म्हणून मागे एक ऑनलाइन कोर्स घेतला. शिकवणारा हुशार होता, पण दर पाच मिनिटांनी म्हणायचा, 'हे तर अगदी सोपं आहे.' नवशिक्याला याहून वाईट वाक्य ऐकवता येत नाही. ज्याला कळलंय त्याला त्याचा उपयोग नाही, आणि ज्याला कळलेलं नाही तो समजतो, सोप्यातलंही जमत नाही म्हणजे मीच ढ. तिसऱ्या आठवड्यात सोडला. पैसे गेले ते गेलेच.

आता गेले चार महिने दर रविवारी सकाळी तेच पायथन शिकायला नौपाड्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर जाते. अकरा जण आहोत. दहावीची दोन मुलं, बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, बाकी माझ्यासारखे मधले. मॅडम माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. मला काकू म्हणतात, मी त्यांना मॅडमच म्हणते, कितीही नको म्हणाल्या तरी.

दुसऱ्या रविवारची गोष्ट. दोन फ्लॅटचा मेन्टेनन्स विचारून घ्यायचा आणि बेरीज दाखवायची, एवढाच प्रोग्रॅम. मी २५०० टाकले, परत २५०० टाकले. उत्तर आलं २५००२५००. अडीच कोटींच्या वर! मी लॅपटॉप हळूच अर्धा मिटला, कोणी बघू नये म्हणून. मॅडमनी नेमकं बघितलं आणि टाळीच वाजवली. 'वा काकू! ही चूक मला हवीच होती.' सगळ्यांना माझ्या टेबलापाशी बोलावलं. कागदाच्या दोन चिठ्ठ्यांवर २५०० लिहिलं आणि चिठ्ठ्या शेजारी शेजारी चिकटवल्या. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथनच्या लेखी मजकूर असतो, आणि मजकुराची बेरीज म्हणजे चिकटवणं. आकडा हवा तर 'इंट' लावून तसं सांगावं लागतं. त्या दिवशी अकराही जणांना ते कळलं, ते माझ्या अडीच कोटींमुळे. सोसायटीचा सिंकिंग फंड, पुढच्या मोठ्या खर्चासाठी साठवायचा तो, एका मिनिटात भरला म्हणून आजोबांनी चहा पाजला तो वेगळाच.

उत्साही शिक्षक म्हटलं की हातवारे करणारं, जोक मारणारं कोणीतरी डोळ्यांसमोर येतं. तसे भरपूर मिळतात, जाहिरातींत तर ढिगाने. आमच्या मॅडमना उत्साह येतो तो दुसऱ्याची चूक बघून. हीच चूक त्यांनी प्रत्येक बॅचमध्ये बघितली असणार, तरी चेहरा असा, जणू पहिल्यांदाच दिसतेय. हे नाटक असेल तर मला ते नाटक चालेल.

यादी शिकवताना त्यांनी फळ्यावर ठाणे–वाशी लोकलची स्टेशनं लिहिली. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. मग विचारलं, पहिलं स्टेशन कितव्या नंबरवर? पायथन म्हणतो शून्यावर. आजोबा चिडले. आयुष्यभर एकपासून मोजलंय त्यांनी. मॅडम म्हणाल्या, 'आजोबा, तुम्ही ठाणे स्टेशनात उभे आहात. ठाण्याला जायला किती स्टेशनं पुढे जाल?' शून्य. ऐरोलीला? एक. म्हणजे तो नंबर नाही, अंतर आहे. आजोबांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर नाराजी होतीच.

तेवढ्यात दहावीतला एक मुलगा म्हणाला, दिघा गाव राहिलं की! ते स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. लगेच 'इन्सर्ट', एक नंबरवर दिघा गाव, आणि ऐरोलीपासून वाशीपर्यंत सगळी एकेक घर पुढे सरकली. मॅडम मुद्दाम विसरल्या होत्या की खरंच, मला अजून कळलेलं नाही.

आणि त्या चुकतातही, सगळ्यांदेखत. आधी त्यांनी व्हेरिएबल म्हणजे बरणी असं शिकवलं होतं. बरणीत साखर, बरणीवर नाव. मग परतीच्या गाडीसाठी मी 'परत' नावाच्या बरणीत तीच यादी टाकली आणि ती उलटी केली. जायची यादीसुद्धा उलटी झाली, वाशीपासून सुरू! एका बरणीतली साखर हलवली तर दुसरीतली का हलावी? मॅडम दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, 'बरणी विसरा. माझंच चुकलं.' एकाच मुलाचं घरात एक नाव असतं, शाळेत दुसरं. घरी केस कापले की शाळेतही कापलेलेच दिसणार. दुसरा मुलगाच हवा असेल तर 'कॉपी' करा. आपलं लाडकं उदाहरण अपुरं पडलं की ते टाकून देणारा शिक्षक मला शाळा-कॉलेजात एकही भेटला नाही.

लाल अक्षरांचा एरर आला की माझा जीव जायचा. त्यावर त्यांचा उपाय असा, 'लग्नपत्रिका आली की निमंत्रकांची यादी वाचत बसता का? मुहूर्त आणि कार्यालय शोधता ना?' एररची शेवटची ओळ आधी वाचायची, काय बिघडलं ते तिथे असतं. कुठे बिघडलं तो ओळ क्रमांक तिच्या जरा वर. बाकीचं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'.

सगळं गोड आहे असं नाही. क्लास कधीच वेळेवर सुटत नाही. रंगात आल्या की बोलण्याचा वेग असा, की आजोबा श्रवणयंत्र काढून ठेवतात. एकदा डिक्शनरी आणि फंक्शन हे दोन अवघड धडे एकाच दिवशी उरकले, त्या रविवारी मी राम मारुती रोडवरून घरी येताना अक्षरशः रडवेली होते.

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजोबांनी विचारलं, मराठी आकडे टाकले तर चालतील का? मॅडम म्हणाल्या, 'माहीत नाही. बघूया.' प्रोग्रॅमच्या ओळीतच देवनागरी २५०० लिहिलं तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातली चूक. प्रोग्रॅम चालू असताना टाइप केलं आणि 'इंट'मधून काढलं, तर बरोबर आकडा मिळाला! मग व्हेरिएबलचं नावच 'हप्ता' ठेवून बघितलं, तेही चाललं. मॅडम खुर्चीतून उठल्या होत्या. १९९१ सालापासून असलेली ही भाषा, त्या ती रोज वापरतात, आणि तरी हे त्यांना त्या सकाळी आमच्याबरोबर कळलं. चपला बाहेर काढायला लावणाऱ्या सरांना 'माहीत नाही' म्हणता आलं असतं का, मला शंका आहे.

गेल्या रविवारी दहावीवाल्याने विचारलंच, 'हे सगळं एआय लिहून देतो, मग आपण का शिकतोय?' मॅडमनी वाद घातला नाही. सोसायटीच्या थकबाकीवर व्याज काढायचा प्रोग्रॅम एआयकडून लिहून घेतला. भरायची शेवटची तारीख दहा, वर्षाला २१ टक्के सरळव्याज. प्रोग्रॅम झटकन आला, एरर न देता चालला. आम्ही माना डोलावल्या.

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'दहा तारखेलाच भरणाऱ्याला व्याज का लावताय? इथे नुसतं 'दहापेक्षा मोठं' हवं, तुम्ही 'दहा किंवा त्याहून मोठं' घेतलंय.'

मॅडमनी टाळी वाजवायला हात उचलले होते, पण त्याआधी दहावीवाल्यानेच वाजवली.