चरबी वितळली की जंतू मेला? इतकं सोपं असतं तर!

आमच्या मावशीने लघवीच्या संसर्गावरच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आणि सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून खोबरेल तेल घ्यायला लागली. कारण, व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड. त्यात म्हटलंय की जंतूंचं कवच चरबीचं असतं, तेलाने ते वितळतं आणि 'त्याला कुठलाच जंतू रेझिस्टंट होऊ शकत नाही'. अँटीबायोटिकची मात्र शरीराला सवय लागते. शाकाहारी माणसाला असल्या जंतूंची भीती नाही. आणि 'कोर्स पूर्ण करा' ही कंपन्यांची चाल. खाली सही 'एक अनुभवी डॉक्टर'. नाव नाही, गाव नाही.

सवयीचं आधी उरकतो. शरीराला कसलीही सवय लागत नाही, बदलतो तो जंतू आणि औषधाला दाद देईनासा होतो. त्यालाच रेझिस्टंट होणं म्हणतात. म्हणून तर आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्यालाही रेझिस्टंट जंतूची लागण होऊ शकते.

आता चरबी. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय. याचा मुक्काम आपल्या आतड्यात, आणि तिथे रोज पित्त येतं. पित्तातले क्षार चरबी फोडतात, साबणासारखेच. हा गडी त्यातही मजेत असतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायला मॅककॉन्की अगर नावाचा जेलीसारखा थर वापरतात, त्यात पित्तक्षार मुद्दाम घातलेले असतात. बाकीचे बरेच जंतू तिथे अडतात, ई. कोलाय गुलाबी ठिपके उमटवत वाढतो. तो चमचाभर तेलाला भिणार? शिवाय ते तेल आतड्यातच पचतं, मूत्राशयापर्यंत तेल म्हणून पोचतच नाही. साबणाने हातावरच्या जंतूंची आवरणं फाटतात, एवढं मान्य. म्हणून साबण कोणी पीत नाही.

आणि 'रेझिस्टंट होऊ शकत नाही' हे तर धडधडीत खोटं. आवरणातल्या मेदावरच घाव घालणारं औषध आहे: कोलिस्टिन. मावशीच्या गोळीशी त्याचा संबंध नाही, ते इस्पितळातलं शेवटच्या फळीतलं इंजेक्शन. ई. कोलायच्या बाह्य आवरणात 'लिपिड ए' नावाचा मेद असतो, त्यावर फॉस्फेटचा ऋण भार. कोलिस्टिन धन भाराचं, म्हणून तिथे जाऊन चिकटतं, लिपिडांना बांधून ठेवणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम हुसकावतं आणि आवरण फाडतं. यावर जंतू काय करतो? त्याच लिपिडवर फॉस्फोइथॅनॉलअमाइनचा तुकडा जोडतो. ऋण भार घटतो, औषधाला धरायला जागा उरत नाही. स्टॅफिलोकोकस नावाचा दुसरा जंतूही असंच करतो, फक्त आपल्या मेदाला लायसिन जोडून. म्हणजे फॉरवर्डवाल्याने ज्याला जंतूचं मर्म ठरवलं, तेच जंतू बदलून टाकतो.

ई. कोलायमध्ये फॉस्फोइथॅनॉलअमाइनचा तुकडा जोडणारं एमसीआर-१ जनुक चीनमधल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१५मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. ई. कोलायच्या तपासलेल्या नमुन्यांत ते ८०४पैकी १६६ जनावरांत आणि १,३२२पैकी १६ रुग्णांत मिळालं. भयंकर गोष्ट पुढेच आहे. हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, म्हणून एक जंतू ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. तिथे डुकरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालत. आपल्याकडेही पोल्ट्रीत ते सर्रास चालायचं. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर केंद्राने जुलै २०१९मध्ये बंदी घातली. कोंबडीखत शेतात जातं, सांडपाणी नदीला मिळतं, म्हणजे असले जंतू मांस न खाणाऱ्यापर्यंतही पोचू शकतात. शाकाहाराच्या मुद्द्याला याहून जास्त वेळ देत नाही.

राहिला कोर्स. इथे नाइलाजाने अर्धं खरं मानावं लागतं. २०१७मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनीच लिहिलं की 'कोर्स पूर्ण केला नाही तर रेझिस्टन्स वाढतो' याला भक्कम पुरावा नाही आणि बऱ्याच संसर्गांत कमी दिवस पुरतात. पण किती कमी, ते संसर्ग पाहून डॉक्टर ठरवतात. टीबीच्या औषधांना तर ही सूट अजिबात लावू नका. गोळी लागू पडत नाही असं वाटलं तर लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते पाहणारी तपासणी, करून घ्या. रिपोर्टात औषधापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतील. त्या यादीत खोबरेल तेल नसतं.