चौदा वर्षांखालच्या मुलांना झोनमध्ये उभं करू नका

शालेय स्पर्धांचा हंगाम जवळ आला की बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांमध्ये आणि पालकांमध्ये एक सल्ला फिरू लागतो. शब्द बदलतात, मथितार्थ हाच: डिफेन्स शिकवून येत नाही, तो उंचीचा आणि जिगरीचा खेळ आहे. लहान मुलांना टू-थ्री झोनमध्ये (एका खेळाडूमागे न जाता प्रत्येकाने आपली जागा राखायची, दोघे पुढे आणि तिघे रिंगजवळ) उभं करा, चेंडू हिसकावायला सांगा आणि उरलेला सगळा वेळ शूटिंगला द्या. या सल्ल्याने मुलांचं नुकसान होतं. ते दिसायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणूनच तो इतका टिकून आहे.

उंचीचा मुद्दा लवकर निकाली निघतो. मग्सी बोग्स १६० सेंटिमीटर उंचीचा होता आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये १४ हंगाम खेळला. २०२२ मध्ये तिथला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला मार्कस स्मार्ट जेमतेम सव्वासहा फुटांचा, म्हणजे त्या लीगच्या मानाने बुटकाच. उंची रिंगखाली कामाला येते. पण ड्रिबल करत येणाऱ्याला रिंगपासून लांब अडवायचं असेल, तर पायच लागतात.

जिगर हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण जिगर असलेल्या मुलाला स्टान्स, म्हणजे बचावासाठी उभं राहण्याची ढब, शिकवला नाही, तर तो जीव तोडून चुकीचं धावतो. ‘खाली बस’ असं आपण मैदानाबाहेरून ओरडतो आणि मूल कमरेत वाकतं, कारण बसायचं कसं हे कुणी दाखवलेलंच नसतं. गुडघे वाकलेले, पार्श्वभाग मागे आणि खाली, पाठ सरळ, वजन चवड्यांवर, डोकं दोन्ही पायांच्या मधोमध. नजर चेंडूवर नको, समोरच्याच्या कमरेवर हवी; चेंडूने आणि खांद्याने चकवता येतं, कमरेने फार अवघड. ‘पाय कधीच क्रॉस करायचे नाहीत’ हे सूत्रही अर्धंच खरं आहे. समोरचा बाजूने निसटला की स्लाइड (पाय क्रॉस न करता बाजूला सरकणं) सोडून सरळ धावायचं, त्याच्या पुढे पोचायचं आणि पुन्हा स्टान्समध्ये यायचं. हे न शिकवल्यामुळे मुलं स्लाइड करत करत मागेच राहतात.

आता चेंडू हिसकावणं. प्रेक्षकांच्या टाळ्या त्यालाच मिळतात, त्यामुळे मुलांनाही तोच डिफेन्स वाटतो. हात पुढे गेला की वजन पुढे जातं, वजन गेलं की पाय अडकतात आणि समोरचा बाजूने लेअपला (रिंगजवळ जाऊन मारायच्या शॉटला) निघून जातो. मग मागचा मदतीला येतो, त्याचा खेळाडू मोकळा सुटतो. एका हाताच्या मोहापायी पाचही जणांची घडी विस्कटते. शिवाय नियम पाहा. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलवर दोन फ्री थ्रो, आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. ज्या मुलाला आपण स्टीलसाठी, म्हणजे चेंडू हिसकावल्याबद्दल, शाबासकी देतो, तोच अखेरच्या क्वार्टरला बेंचवर असतो.

एनबीएत स्टील आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) अधिकृतपणे मोजायला १९७३-७४ च्या हंगामापासून सुरुवात झाली. बिल रसेल त्याआधीच, १९६९ मध्ये निवृत्त झाला होता. १३ हंगामांत ११ विजेतेपदं, आणि ज्या ब्लॉकसाठी तो ओळखला जातो त्यांचा अधिकृत आकडाच नाही. चांगल्या डिफेन्सचा बराचसा भाग असाच कागदाबाहेर राहतो: समोरच्याला डावीकडे वळायला लावलं, पास उशिरा द्यायला लावला, शॉट घाईत मारायला लावला. प्रशिक्षकाने हे पाहून मोठ्याने नाव घेऊन कौतुक केलं पाहिजे. नाहीतर मूल ते पुन्हा का करेल?

सगळ्यात घातक सल्ला झोनचा. तो फसवा आहे, कारण तो चालतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना पावणेसात मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेवरून, शॉट जमत नाही आणि मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जोरकस पासही जात नाही. पाच जण रिंगभोवती उभे राहिले की सामना २०-१२ असा जिंकता येतो. पण त्या विजयात मुलांनी काय शिकलं? आपली जागा. मोकळ्या जागेत एका खेळाडूची जबाबदारी घेणं नाही, चेंडू आणि आपला खेळाडू दोन्ही नजरेत ठेवणं नाही, मदतीला जाऊन परत येणं नाही. सतरा वर्षांखालच्या गटात समोर दोन चांगले शूटर आले की हीच मुलं उघडी पडतात.

जपानने २०१६ पासून १५ वर्षांखालच्या गटांत मॅन टू मॅन (प्रत्येकाने समोरचा एक खेळाडू सांभाळायचा) बंधनकारक केलं आहे. ऑस्ट्रेलियात १४ वर्षांखाली झोनला मनाई आहे. ‘मोठे संघही झोन खेळतात’ हे उत्तर ठरलेलं असतं. खेळतात, पण त्यांच्या खेळाडूंना क्लोज आउट (शूटरकडे धावत जाऊन अडवणं), हेल्प (सहकाऱ्याच्या मदतीला जाणं) आणि बॉक्स आउट (शॉट हुकल्यावर समोरच्याला रिंगपासून दूर रोखून धरणं) आधीपासून येतं. झोनमध्ये बॉक्स आउट तर उलट कठीण, कारण अमुक एक खेळाडू माझा, असं ठरलेलं नसतं.

वेळ कमी, मुलं जास्त आणि हाताशी अर्धंच कोर्ट, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी शेल ड्रिल आहे: चार विरुद्ध चार. बचावातल्या प्रत्येकाने एक हात चेंडूकडे आणि एक आपल्या खेळाडूकडे दाखवायचा आणि प्रत्येक पासबरोबर जागा बदलायची. सुरुवातीला ड्रिबल बंद ठेवा, मग सुरू करा. एकास एक खेळताना बचाव करणाऱ्याला स्वतःच्या टी-शर्टची टोकं धरायला लावा. हात बंद झाले की पाय हलू लागतात. आणि गुण बास्केटला देऊ नका, सलग तीन वेळा अडवणाऱ्याला द्या. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, हातात आल्याशिवाय अडवणूक मोजायची नाही. समोरच्या संघाने रिबाउंड घेतला तर त्यांना शॉट क्लॉकवर (शॉट मारण्याच्या मुदतीच्या घड्याळावर) नवे १४ सेकंद मिळतात, हेही मुलांना तेव्हाच सांगा.

राहिला शूटिंगचा वेळ. कुणीही अंगावर येत नसताना मारलेले शंभर शॉट सामन्यात फारसे कामी येत नाहीत. समोरून कुणी नीट क्लोज आउट करत आला, अंतराचा बहुतेक भाग धावत, शेवटी छोटी पावलं टाकत, हात वर करून, तरच शूटरला खरा सराव मिळतो. म्हणजे शूटिंगच्या त्याच वीस मिनिटांत निम्मी मुलं डिफेन्स शिकू शकतात. वेगळा वेळ काढावाच लागत नाही.